कुंडीतली माती तेवढीच, मग झाड आलं कुठून?

अंगणवेल
रविवार, रात्री ९.१२

आज रबराच्या झाडाची कुंडी बदलली. चार वर्षांपूर्वी आणलं तेव्हा वीतभर होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. जुनी कुंडी आडवी करून थोपटली तर अख्खा गोळा सुटून आला, मुळांनी जाळीसारखा बांधलेला. सहावीतली लेक शेजारी बसून बघत होती. गोळ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, माती तर तेवढीच आहे. मग हे एवढं झाड कशाचं झालं?"

मी म्हटलं, अगं, पाणी घालतो ना आपण रोज. तर म्हणते, "पाणी वाळून जातं. लाकूड कुठे वाळून जातं?"

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण मला तोंडपाठ आहे. कर्बवायू अधिक पाणी, मग बाण, बाणाच्या वर सूर्यप्रकाश, खाली हरितद्रव्य, पुढे ग्लुकोज आणि प्राणवायू. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुणही घेतलेत. पण तिला समजावायला बसले आणि लक्षात आलं, त्या बाणाच्या आत काय घडतं ते मला कधी कळलेलंच नाही. ऊन पानावर पडतं, त्याचं पुढे काय होतं? आणि त्यातून लाकूड कसं होतं?

इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय. सहावीतल्या मुलीला सांगता येईल असं सांगा, पण सोपं करायच्या नादात चुकीचं नको.

निरभ्र
रविवार, रात्री ९.३०

हवेतून. झाडाचं वाळलेलं वजन जवळजवळ सगळं हवेतून येतं. सविस्तर कुणीतरी लिहीलच, मी वाचायला बसलोय.

मृद्गंध
रविवार, रात्री ९.४१

हवेतून सगळं येत असेल तर खतं कशाला घालतो आपण? माझा तर अनुभव आहे की चार-पाच वर्षांत कुंडीतली माती चांगली दोन बोटं खाली जाते. झाडानेच खाल्लेली असणार ना?

जुनी वही
रविवार, रात्री १०.५५

अंगणवेल, तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे, आणि पहिल्यांदा तो ज्याने विचारला त्यानेही कुंडीच वापरली होती. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. हा प्रश्न स्वतःहून विचारणारी मुलं फार थोडी भेटली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाचे एक वैद्य आणि रसायनज्ञ होते. त्यांनी भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. धूळ पडून मातीचं वजन वाढू नये म्हणून वर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. पाच वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं. शेवटी झाड उपटून तोललं तर १६९ पौंड भरलं, वर तीनेक औंस. आणि माती? पुन्हा वाळवून तोलली तेव्हा २०० पौंडांतून कमी झाले होते फक्त सुमारे २ औंस. आपल्या हिशोबाने बोलायचं तर झाड ७४ किलोंनी वाढलं आणि माती घटली ५७ ग्रॅम.

त्यांनी निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं झालं. हे लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं. मला यातलं सगळ्यात चटका लावणारं काय वाटतं सांगू? "गॅस" हा शब्द याच माणसाने घडवलेला आहे. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूला त्यांनी वेगळं नावही दिलं होतं. म्हणजे आज आपण ज्याला कर्बवायू म्हणतो, तो त्यांच्या हातात होता. पण तोच वायू पलीकडच्या विलोत शिरतोय, ही शंका त्यांना आली नाही.

पुढचं कोडं तुकड्यातुकड्याने सुटलं. १७७१ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझेपर्यंत जळलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. हाच प्रयोग पुन्हा करताना मात्र कधी तो साधायचा, कधी फसायचा. का फसतो, हे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी शोधलं. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, आणि हे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात. प्रकाशाची गरज इथे पहिल्यांदा सिद्ध झाली. १७८२ मध्ये झाँ सेनेबिए यांनी कर्बवायूची गरज दाखवली. १८०४ मध्ये निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी नीट तोलून दाखवलं की झाडाचं वजन वाढतं त्यात कर्बवायूबरोबर पाण्याचाही वाटा असतो. म्हणजे हेल्माँट पूर्ण चुकले नव्हते.

मृद्गंध, कुंडीतली माती खाली बसते ती बहुतेक करून तिच्यातलं शेणखत, पालापाचोळा कुजून गेल्यामुळे. ते कुजताना कर्बवायू होऊन हवेत जातं, थोडं पाण्याबरोबर वाहून जातं. झाडाने मातीतून नेमकं किती घेतलं ते बघायचं असेल तर वाळकं लाकूड जाळून बघा. राख उरते ती मातीची देणगी. मोठा ओंडका जाळला तरी राख मूठभरच असते. बाकी सगळं जिथून आलं तिथे परत जातं.

पाऊणपट
सोमवार, सकाळी ७.२०

सरांचं वाचून रात्री आकडेमोड केली, इथे मांडतो.

हवेत कर्बवायू साधारण ०.०४ टक्के. एक घनमीटर हवेत, म्हणजे मीटरभर लांब-रुंद-उंच खोक्यात, तो पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातला निव्वळ कार्बन धरला तर जेमतेम ०.२ ग्रॅम. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. म्हणजे एक किलो लाकडाला ५०० ग्रॅम कार्बन लागला, आणि तेवढा गोळा करायला सुमारे २,४०० घनमीटर हवा गाळावी लागली. चार मीटर लांब, चार रुंद, तीन उंच अशी खोली धरली तर पन्नास खोल्या भरून हवा.

आता लेकीला त्या रबराच्या झाडाचं खोड दाखवा आणि हे सांगा.

अंगणवेल
सोमवार, दुपारी १.०५

पन्नास खोल्यांचा हिशोब ऐकून ती उठून खोडाला हात लावून आली. सर, पाऊणपट, मनापासून आभार.

पण आता माझंच अडलंय. हवेतला वायू, नळाचं पाणी, दोन्ही आयतं मिळतं. मग यात ऊन काय करतं?

हरितलव
सोमवार, रात्री ११.१०

माझं रोजचं काम पानांवरच चालतं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. ताई, तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागी आलाय. वायू आयता आहे, पाणी आयतं आहे, पण दोन्ही "थंड" आहेत. कर्बवायू म्हणजे जळून झालेला कार्बन. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. दोन्हींतली ऊर्जा आधीच बाहेर पडून गेलेली आहे. जळून झालेल्या वस्तूपासून पुन्हा जळणारी वस्तू करायची तर बाहेरून ऊर्जा ओतावीच लागणार. ती ऊन ओततं.

एक पान घ्या आणि उजेडासमोर धरा. जाडी बहुधा मिलिमीटरचा पाव भाग, त्याहूनही कमी. वरची कातडी पारदर्शक, तिच्यात सहसा हिरवं काही नसतं, उजेड आरपार जातो. तिच्याखाली उभ्या खांबांसारख्या पेशी दाटीने लागलेल्या. त्यांच्याखाली सैलसर पेशी, मधेमधे हवेच्या पोकळ्या. या पोकळ्यांत हवा येते ती पानाच्या पाठीवरच्या सूक्ष्म भोकांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या. पाण्याने फुगल्या की फट उघडते, सैल पडल्या की मिटते.

पेशींच्या आत असतात हरितलवकं. पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे पाच लाख. ती जागची हलतातही. ऊन सौम्य असलं की पेशीच्या वरच्या-खालच्या भिंतींशी पसरून बसतात, ऊन कडक झालं की बाजूच्या भिंतींना उभी लागतात, म्हणजे मारा कमी बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे संथ सरकणं मी कितीदा तरी बघितलंय, तरी दर वेळी डोळा काढवत नाही.

हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात आणि हरितद्रव्य त्या पिशव्यांच्या पातळ पडद्यात रोवलेलं असतं. हरितद्रव्याचा रेणू म्हणजे एक कडं, कड्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू, आणि मागे लांब शेपूट. प्रकाशाचा एक कण या रेणूवर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळून वरच्या पातळीला जातो. उन्हाचं "पकडणं" म्हणतात ते एवढंच, आणि हेच सगळं.

पण हा उसळलेला इलेक्ट्रॉन तसाच ठेवला तर क्षणाच्याही बारीक अंशात खाली येतो आणि ऊर्जा वाया जाते. म्हणून शे-दोनशे, कधी तीनशे रेणू एका गटात बसवलेले असतात. कुणावरही प्रकाश पडो, ती उसळी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत मधल्या खास जोडीपर्यंत पोचते. हा प्रवास सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात होतो. त्या जोडीपाशी पोचल्यावर मात्र इलेक्ट्रॉन खाली पडू दिला जात नाही, दुसरा रेणू तो उचलून पुढे नेतो. आता जोडीत एक जागा रिकामी झाली. ती भरायला इलेक्ट्रॉन आणायचा कुठून? पाण्यातून. पाणी फुटतं ते इथे.

पाणी फोडणं सोपं नाही. पाणी किती चिवट असतं, ते विजेने फोडून बघितलेल्यांना माहीत आहे. पानात हे काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अशा अणूंचं छोटं गाठोडं करतं. त्याला प्रकाशाचे चार धक्के लागतात. चार इलेक्ट्रॉन गोळा झाले की पाण्याच्या दोन रेणूंमधून प्राणवायूचा एक रेणू सुटतो. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणभराचे झोत सोडले तर प्राणवायू दर झोताला सारखा येत नाही, तिसऱ्या झोताला भरपूर आणि मग दर चौथ्या झोताला. तिसऱ्याला यासाठी, की अंधारातही ते गाठोडं एक पायरी पुढे असतं. या गाठोड्याचा अणू-अणू दिसेल असा स्पष्ट नकाशा २०११ मध्ये मिळाला.

सुटलेले इलेक्ट्रॉन पडद्यातून पुढे जाताना प्रोटॉन पिशवीच्या आत ढकलले जातात. आत दाटी होते. मग ते प्रोटॉन एका यंत्रासारख्या प्रथिनातून बाहेर येतात. प्रथिन खरोखर गरगर फिरतं, आणि फिरताना एटीपी, म्हणजे ऊर्जा वाहून नेणारा एक रेणू, तयार होतं. इलेक्ट्रॉनना मधे आणखी एकदा प्रकाशाचा धक्का बसतो आणि शेवटी ते एनएडीपीएच नावाच्या रेणूवर जाऊन बसतात. एटीपी आणि एनएडीपीएच, उन्हाची कमाई ती ही. साखर अजून झालेली नाही.

उरलेलं उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

अंकुरलेला
मंगळवार, सकाळी ८.१५

हरितलव, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! एक दुरुस्ती सुचवू का? प्राणवायू पाण्यातून येतो म्हणालात. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की झाड कर्बवायूतला कार्बन ठेवून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. तसंच सरळ वाटतं.

जुनी वही
मंगळवार, सकाळी ९.००

तसं बराच काळ मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. १९३१ मध्ये कॉर्नेलिस व्हान नील यांनी गंधकावर जगणारे काही जिवाणू अभ्यासले. तेही प्रकाश वापरून कर्बवायूची साखर करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड घेतात आणि प्राणवायूऐवजी गंधक टाकतात. त्यांना वाटलं, तिथे हायड्रोजन सल्फाइड फुटत असेल तर झाडात पाणी फुटत असलं पाहिजे. पुढे रॉबिन हिल यांनी पानातून वेगळी काढलेली हरितलवकं उजेडात ठेवली. कर्बवायू नसतानाही, इलेक्ट्रॉन घेणारं दुसरं काहीतरी दिलं की प्राणवायू निघाला. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (नेहमीच्याहून जास्त वजनाचा, म्हणून ओळखू येणारा) असलेलं पाणी शेवाळाला दिलं, आणि बाहेर आलेल्या प्राणवायूत तोच जड ऑक्सिजन सापडला.

मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अंकुरलेला म्हणतात तसंच शिकवलंय. त्या मुलांची आजही आठवण येते.

पाऊणपट
मंगळवार, सकाळी ९.४५

सर, मग यावरून लेकीच्या प्रश्नाचा हिशोब पुरा होतो! सुटलेला प्राणवायू सगळा पाण्याचा असेल तर साखरेतला ऑक्सिजन कर्बवायूचा. १८० ग्रॅम ग्लुकोज घ्या. त्यात ७२ ग्रॅम कार्बन, ९६ ग्रॅम ऑक्सिजन, १२ ग्रॅम हायड्रोजन. पहिले दोन्ही हवेतून. पाण्यातून आला तो फक्त १२ ग्रॅम हायड्रोजन. १८० पैकी १६८, म्हणजे ९३ टक्के हवा.

हरितलव
मंगळवार, रात्री १०.३०

पाऊणपट, सुरेख. सर, आज तुम्ही ते बरोबर सांगताय, हे जास्त मोलाचं.

आता साखरेकडे. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन १९४० मध्ये हाती आला. मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन, जेम्स बॅशम यांनी तो वापरला. चपट्या काचपात्रात हिरवं शेवाळ, दोन्हीकडून उजेड, आत कार्बन-१४ असलेला कर्बवायू सोडायचा आणि मोजून काही सेकंदांत शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये ओतायचं. शेवाळ तत्क्षणी मरतं आणि कार्बन ज्या रेणूत पोचलेला असेल तिथेच अडकतो. वेळ कमी कमी करत नेली तसं कळलं की पहिल्यांदा तीन कार्बनचा एक रेणू बनतो. पुढे सगळं चक्र उलगडलं. १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या कॅल्व्हिन यांना मिळालं. बेन्सन यांचं नाव त्यात असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

या चक्रात हवेतला कर्बवायू पकडतं ते रुबिस्को नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पाच कार्बनच्या रेणूला ते कर्बवायूचा एक कार्बन जोडतं, सहाचा रेणू लगेच दुभंगतो, तीन-तीनचे दोन होतात. मग एटीपी आणि एनएडीपीएच खर्चून त्यांची साखर बनते. एका कर्बवायूमागे तीन एटीपी, दोन एनएडीपीएच. उन्हाची कमाई इथे खर्ची पडते.

रुबिस्को संथ आहे. काही एन्झाइमं सेकंदाला शेकडो, हजारो रेणू हातावेगळे करतात, हे जेमतेम तीन-चार. शिवाय चुकतंही. कर्बवायूऐवजी कधी प्राणवायूच पकडून बसतं, सामान्य तापमानाला दर चार-पाच वेळांत साधारण एकदा. ती चूक निस्तरायला झाडाला ऊर्जा तर लागतेच, आधी पकडलेला थोडा कार्बनही हातचा जातो, आणि उष्णता वाढली की चुका वाढतात. म्हणून झाडं हे एन्झाइम अमाप बनवतात, अनेक पानांत विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत. मृद्गंध, खतातला नत्र जातो त्याचा मोठा भाग इथे. खत म्हणजे झाडाचं जेवण नव्हे, जेवण रांधायची भांडी म्हणा. मॅग्नेशियम कमी पडलं तर हरितद्रव्याच्या कड्यातला मधला अणूच मिळत नाही. मग झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्यांना देतं, आणि खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात.

ऊस, मका, ज्वारी यांनी रुबिस्कोच्या चुकीवर तोड काढलीय. कर्बवायू आधी दुसऱ्या एन्झाइमने पकडायचा, चार कार्बनच्या रेणूत बांधून आतल्या पेशींत न्यायचा आणि तिथे रुबिस्कोभोवती त्याची दाटी करायची. हा मार्ग १९६६ मध्ये मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी मांडला, सी-४ म्हणतात त्याला. भर उन्हात ही पिकं झपाट्याने वाढतात त्याचं हे मोठं कारण.

निरभ्र
बुधवार, सकाळी ६.५०

वाचनखूण साठवली. एक शंका. हा साखरेचा भाग म्हणजे "अंधारातली अभिक्रिया" ना? ती रात्री चालते का?

हरितलव
बुधवार, सकाळी ७.३०

नाही, आणि हे नाव बदलायला हवं. तिला थेट प्रकाश लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. एटीपी, एनएडीपीएच उजेडातच बनतात आणि साठून राहत नाहीत. शिवाय चक्रातली काही एन्झाइमं उजेड असेल तरच जागी होतात. ही अभिक्रिया दिवसाच चालते.

खिडकीतली बाग
बुधवार, सकाळी ११.१५

रात्रीवरून आठवलं. काही झाडं रात्रीही ऑक्सिजन देतात म्हणून झोपायच्या खोलीत ठेवतात, ते खरं का? आणि रात्री झाडाखाली झोपलं तर गुदमरतं, ते?

हरितलव
बुधवार, दुपारी २.२०

दोन्ही नाही. निवडुंग, अननस, घायपात, स्नेक प्लँट ही झाडं पाणी वाचवायला रंध्रं रात्री उघडतात आणि कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यावर साखर करतात. रात्री ती कर्बवायू घेतात हे खरं, पण प्राणवायू उजेडाशिवाय निघत नाही, कारण पाणी उजेडाशिवाय फुटत नाही. आणि झाडं रात्री श्वास घेतात तो इतका मंद की एक माणूस दिवसाला जो किलोभर कर्बवायू सोडतो त्यापुढे कुंडीतलं झाड काहीच नाही.

सावळी
बुधवार, दुपारी ३.४०

मला एक साधं विचारायचंय. पान हिरवं दिसतं, म्हणजे हिरवा प्रकाश ते परत पाठवतं. मग हिरवा प्रकाश झाडाच्या काहीच कामाचा नाही ना?

जुनी वही
बुधवार, सायंकाळी ६.१०

१८८२ मध्ये थिओडोर एंगेलमान यांनी तंतूसारख्या शेवाळावर सूक्ष्मदर्शकाखाली सप्तरंगी पट्टा पाडला आणि प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू त्यात सोडले. जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात गोळा झाले, हिरव्यात अगदी थोडे. त्यामुळे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

हरितलव
बुधवार, रात्री ९.००

सर, इथे थोडी भर घालतो. एंगेलमान यांचा धागा एकेरी पेशींचा होता. पूर्ण पानाचं वेगळं. त्यात हिरवा प्रकाश पेशींवर आपटत, परावर्तित होत इतका फिरतो की अखेर बराचसा शोषला जातोच. बहुतेक पानं हिरव्यातलाही निम्म्याहून पुष्कळ जास्त भाग घेतात. तांबडा-निळा वरच्याच थरात संपतो, हिरवा खालच्या थरांपर्यंत पोचतो. कडक उन्हात वरचा थर आधीच तुडुंब भरलेला असतो, तेव्हा हाच खोल जाणारा हिरवा प्रकाश जास्त कामी येतो. डोळ्याला दिसतं ते उरलेलं.

जुनी वही
बुधवार, रात्री ९.२५

हे मला नवीन आहे. आभार. वहीत लिहून घेतलं.

अंगणवेल
शनिवार, सकाळी १०.३०

एवढं सगळं वाचून लेकीने हट्ट धरला, पान खरंच अन्न बनवतं ते बघायचंच. आयोडीनची परीक्षा करायची ठरवली, म्हणजे पानात जिथे स्टार्च साठलेलं असेल तिथे आयोडीनने काळं-निळं होतं ती. घरात कोलियस आहे, पानाला पांढरी कड, आत हिरवं, मधे जांभळा पट्टा. आज सकाळी सहाला उठून तिने पान तोडलं. आधी पाण्यात उकळलं. मग गॅस बंद करून, गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची बाटली ठेवून त्यात पान बुडवलं (स्पिरिट आगीजवळ नेऊ नये म्हणून, आणि हे काम मीच केलं). रंग उतरला, पान फिक्कट झालं, धुऊन त्यावर आयोडीन टाकलं. आणि काही नाही. नुसतं तपकिरी. काळं-निळं कुठेच झालं नाही. पोर रडवेली झालीय. कुठे चुकलं?

हरितलव
शनिवार, सकाळी १०.४५

चुकलं काहीच नाही. पान तोडलं कधी, त्यात उत्तर आहे. सकाळी सहाला म्हणालात ना? आज दुपारी तीन-चारच्या सुमाराला, दिवसभर ऊन खाल्लेलं पान तोडा. पुन्हा करा. कारण तुम्ही बघितल्यावर सांगतो.

अंगणवेल
शनिवार, सायंकाळी ६.४०

काय सांगू! पांढरी कड तपकिरीच राहिली, आतला सगळा भाग शाईसारखा काळा-निळा झाला. सीमारेषा इतकी रेखीव की पानाचा नकाशाच. जांभळा पट्टाही काळा झाला, हे तिने बरोबर टिपलं. पान पाण्यात उकळताना जांभळा रंग पाण्यात उतरला होता आणि पट्ट्याच्या जागी हिरवं दिसलं होतं. हिरवा मात्र पाण्याला दाद देईना, तो स्पिरिटमध्येच सुटला. म्हणजे लाल-जांभळ्या पानांतही खाली हरितद्रव्य असतंच, बरोबर ना?

शेवटी ते हिरवं झालेलं स्पिरिट काचेच्या पेल्यात घेऊन अंधारात त्यावर निळ्या उजेडाची विजेरी मारली, तर बाजूने बघताना चक्क लाल दिसलं!

हरितलव
शनिवार, रात्री ८.१५

बरोबर, पांढऱ्या कडेत हरितद्रव्य नाही म्हणून स्टार्च नाही, जांभळ्याखाली ते आहे म्हणून आहे. आणि तो लाल उजेड म्हणजे मी लिहिलेली उसळी. स्पिरिटमध्ये हरितद्रव्याला शेजारी नाहीत, इलेक्ट्रॉन उचलून नेणारं कुणी नाही. मग उसळलेला इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे खाली येतो आणि ऊर्जा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. पानात हाच लाल जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे ती ऊर्जा कामाला लागलेली असते.

आता सकाळचं. दिवसा झाड साखर बनवतं त्यातली काही सुक्रोज होऊन रसवाहिन्यांतून मुळांकडे, कोंबांकडे जाते, आणि काही पानातच स्टार्चचे कण होऊन साठते. रात्री ऊन नाही, पण झाडाला जगायचं तर आहे. मग तो साठा मोडून झाड रात्रभर पुरवतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवर यावर पुष्कळ काम झालंय. तिचा साठा रात्रभर एकसारख्या गतीने उतरतो आणि नेमका पहाटेला संपत येतो. प्रयोगात दिवे रोजच्यापेक्षा काही तास आधीच मालवले, तर त्याच रात्री तिने खर्चाची गती कमी केली आणि साठा उजाडेपर्यंत पुरवला.

तुमच्या लेकीने पान तोडलं तेव्हा झाडाने रात्र काढलेली होती आणि नवं ऊन अजून यायचं होतं.

अंगणवेल
शनिवार, रात्री ९.०५

वाचून दाखवलं. आता ती म्हणतेय, आज रात्री दर दोन तासांनी एक पान तोडून बघू, काळं कसं कमी होत जातं ते. कोलियसला पानं भरपूर आहेत. दहा वाजताचा गजर लावलाय.